शस्त्रक्रियेनंतरचा खर्चही धरा

‘एका शस्त्रक्रियेचा खर्च द्या, एका मुलाला दृष्टी द्या’ हे मुलांच्या मोतीबिंदूवरच्या लेखातलं आवाहन मनापासून पटलं, पण ते अर्धंच आहे. दोन्ही डोळ्यांतला जन्मजात मोतीबिंदू साधारण ८ ते १० आठवड्यांच्या आत काढावा लागतो. उशीर झाला की मेंदू नीट पाहायला शिकतच नाही. बाळाला पूर्ण भूल लागते, म्हणून गावातलं शिबिर पुरत नाही. पुढे वाढत्या वयात वारंवार बदलणारा चष्मा, एक डोळा आळशी, म्हणजे नजरेनं कमजोर, असेल तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, शिवाय अशा शस्त्रक्रियेनंतर होऊ शकणाऱ्या काचबिंदूसाठी (डोळ्यातला दाब वाढून नजर जाण्याचा आजार) वर्षानुवर्षं तपासणी. गाडी अडते ती इथेच! पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याहून मुंबईला यायचं तर आईबापाची मजुरी बुडते. मुंबईकर देणगीदारांनी एसटीभाडं, मुक्काम आणि चष्म्यांसाठी वेगळे पैसे द्यावेत.