दादा, काका आणि ४१४१

"काका, जरा गाडी मागे घ्या की!" परवा वागळे इस्टेटच्या एका गल्लीत मला हे ऐकावं लागलं. म्हणणारा माझ्याहून फार तर चार वर्षांनी लहान. नंबरपाटी बसवायला माझी वेळ साडेदहाची, त्याची साडेअकराची. आणि मी घेतली मागे! ते अजून सलतंय.

काम साधं होतं. १ एप्रिल २०१९च्या आधी नोंदलेल्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे सरकारी 'हाय सिक्युरिटी' नंबरपाटी बसवायची. चासी आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच-पाच आकडे भरायचे, चारचाकीचे ७४५ रुपये अधिक जीएसटी भरायचे, वेळ घ्यायची आणि आरसी घेऊन जायचं.

पुढे घुसलेल्या काळ्या गाडीवर 'एमएच ०४' मुंगीएवढं आणि खाली तळहाताएवढं 'दादा'. खरा नंबर ४१४१. इंग्रजी चाराला शेपूट वळवली की द, एकाचा काना. नियमात चारचाकीचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच, १० मिलिमीटर जाड आणि मधली फटही १०ची. एवढ्यात माणूस मावतो, दादा मावत नाही.

"ही काढावी लागेल, दादा," पाटी बसवणारा पोरगा म्हणाला.

"वरून लाव."

"वरून नाही लागत, दादा."

"मग बाजूला लाव. दोन्ही राहू दे."

"दादा, दोन नाही चालत."

गाडीवाल्याने फोन काढला. "साहेबांशी बोल." फोन स्पीकरवर. रिंग वाजत राहिली, गल्लीतला चहावालासुद्धा थांबून ऐकू लागला, आणि शेवटी बाई बोलली, 'आपण ज्यांना संपर्क करत आहात...' साहेब उचलत नाहीत याचा मला जो आनंद झाला, तो काही सभ्य नव्हता.

१ मे २०१७ला मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. पण ऐट कुठे जाते? टपावरून बंपरवर आली. कुणी काचेवर 'प्रेस' डकवतो, कुणी डॅशबोर्डवर मेव्हण्याची पोलिसाची टोपी ठेवतो. ठाण्यात चारचाकीला ०००१ हवा तर सरकारच ६ लाख घेतं. त्या पैशात आणखी एक गाडी आली असती, साध्या नंबरची. आणि हा सगळा थाट कुणासाठी, तर घोडबंदर रोडला पाऊण तास तुमच्या मागे अडकलेल्या माणसासाठी. त्याला वाचायला दुसरं काही नसतं, हे खरं.

दादाची पाटी अ‍ॅक्रिलिकची, दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने बंपरला डकवलेली. अशी पाटी ओढली की खालचा रंग सोलून येतो. पोराने नायलॉनचा दोरा पाटीमागे सरकवला आणि करवतीसारखा खालीवर ओढू लागला. दादा कमरेत वाकून "हळू रे, हळू" करत होता, लहान बाळाचं जावळ काढताना मामा करतो तसं. पाटी निघाली. मागे स्वच्छ, काळाकुळीत चौकोन उरला. बाकीचा बंपर किती मळलाय ते तेव्हा कळलं.

मग नवी पाटी, मागून स्नॅप लॉक, टक्. हे लॉक एकदा बसलं की स्क्रू ड्रायव्हरने उघडत नाही, तोडावंच लागतं. काचेला आतून डिझेलचं नारिंगी स्टिकर. दादाने लांब जाऊन पाहिलं, मग आणखी लांब जाऊन. "वाचताच येत नाही!" ४१४१ चहावाल्याच्या टपरीवरूनही स्वच्छ वाचता येत होतं.

जुनी पाटी त्याने रुमालाने पुसली आणि मागच्या काचेशी, टिश्यूच्या डब्याला टेकवून उभी केली.

जाताना पोरगा म्हणाला, "सावकाश, दादा." तो रिक्षावाल्यालाही दादा म्हणतो, सिक्युरिटीलाही आणि चहावाल्यालाही. अख्ख्या गल्लीत काका मी एकटाच.

माझी गाडी पुढे घेतली. पोरगा नंबर ताडून बघत होता, तेव्हा मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "चारही आकड्यांची बेरीज नऊ येते बघ. मुद्दाम मागून घेतला होता."

"हो काय," तो म्हणाला. "डिकी उघडा, काका."