टॅब शाळेचा, खाते गुरुजींचे

गेल्या वर्षी राजापूर तालुक्यातील एका दोनशिक्षकी शाळेतून माझी बदली झाली, तेव्हा चार्ज देताना मी कपाटाच्या किल्ल्या दिल्या, पोषण आहाराचा तांदूळ वजन करून दिला आणि डेडस्टॉक रजिस्टरमधील, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीतील, खुर्च्या एकेक करून मोजून दिल्या. गावच्या मुंबईकर मंडळाने गणपतीत भेट दिलेले सहा टॅबही दिले. त्या सहाही टॅबवर माझे स्वतःचे गूगल खाते तसेच राहिले होते. चार्जच्या यादीत त्यासाठी रकानाच नसल्यामुळे ते ना माझ्या लक्षात आले, ना चार्ज घेणाऱ्यांच्या.

श्रावणात नव्या बाईंचा फोन आला. एका मुलाने चुकीचा पॅटर्न इतक्या वेळा काढला की टॅब बंदच होऊन बसला. बाजारातील मोबाइल दुरुस्तीवाल्याने बटणे दाबून तो रिसेट केला, तर आता तो पहिल्या मालकाचे खाते मागू लागला. ही सोय अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून चोरीला आळा घालण्यासाठी आहे. सेटिंगमध्ये जाऊन आधी खाते काढले असते, तर हा प्रश्न आला नसता. बाईंना मी पासवर्ड सांगितला, पण ओटीपी माझ्याच नंबरवर येणार, आणि माझ्या नव्या शाळेत रेंज नाही. भर पावसात छत्री घेऊन रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, गेलो. पहिला ओटीपी वाचून दाखवेपर्यंत फोन कटला, दुसऱ्याची मुदत संपली, तिसऱ्याला टॅब उघडला. तेवढ्या वेळात चौथीचा एक धडा सहज शिकवून झाला असता.

तांत्रिक घोटाळा एक वेळ परवडला. त्याआधी मुलांनी त्याच टॅबवर माझ्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटो पाहिले होते, कारण माझ्या फोनमधील फोटो खात्यामार्फत तिथेही दिसत होते. "गुरुजी, ताईची साडी छान होती," असे एका मुलीने अगदी निरागसपणे सांगितले. फोटोंच्या जागी दवाखान्याचे कागद असते तर?

यात दोष माझा आहे, हे मी आधीच मान्य करतो. टॅब आले त्या दिवशी ॲप टाकण्याची घाई होती, प्ले स्टोअरने खाते मागितले आणि हाताशी होते ते मी दिले. बहुतेक शाळांत असेच होत असावे. काही जण तर मुलांच्या नावाने खाती काढतात आणि तेरा वर्षांची अट आडवी आली की जन्मसाल खुशाल मागे ढकलतात. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक मानला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती हा नियम ठेवला आहे. पहिली ते चौथीच्या मुलांची खोटी जन्मसाले भरणारे आपण, त्याच मुलांना खरे बोलावे हेही शिकवतो!

मुळात पुष्कळ कामांना खाते लागतच नाही. बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये स्कॅन केला की लॉगिन न करताही व्हिडिओ दिसतो, आणि एकदा उतरवून ठेवला की नेट नसतानाही चालतो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे असल्यामुळे हे फार उपयोगी पडते. ॲप टाकण्यापुरते खाते जोडून नंतर काढून टाकले, तरी बहुतेक मोफत ॲप टॅबवर राहतात. फक्त अद्ययावत करताना ते पुन्हा जोडावे लागते.

खाते हवेच असेल, तर ते शाळेच्या नावाने असावे. नव्या शाळेत आम्ही तसेच केले आहे. खात्याला मुख्याध्यापकांचा नंबर जोडला आहे आणि चार्ज बदलला की तो नंबरही बदलायचा, असे शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात लिहून घेतले आहे. द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारण्याची सोय) सुरू केली की गूगल आठ अंकी दहा राखीव कोड देते. प्रत्येक कोड एकदाच चालतो, पण त्याला रेंज लागत नाही, ही कोकणातल्या माणसाला भावणारी गोष्ट. ते कोड एका कागदावर लिहून, पाकिटात घालून डेडस्टॉक रजिस्टरसोबत कपाटात ठेवले आहेत. रजिस्टरमध्ये प्रत्येक टॅबच्या क्रमांकापुढे आता "जोडलेले खाते" असा रकाना आहे. दहापैकी एक कोड दिवाळीनंतर वापरला गेला. त्यावर पेन्सिलने काट मारून पुढे तारीख घातली आहे.