बारा पावलांचे रिंगण

काल संध्याकाळी रंकाळ्यावर मी सात भेळींचे पैसे भरले. त्यांपैकी माझ्या वाट्याला एकच आली आणि ती हातात पडेपर्यंत तिच्यातल्या चुरमुऱ्यांनी मान टाकलेली होती.

मूळ कारण आमचे दाजी. त्यांना गाडी चालवता येत नाही, त्यामुळे गाडीविषयी त्यांची मते ठाम आहेत. मी एकदा गाडी चालवताना फोन घेतला, हे बहिणीमार्फत त्यांच्या कानावर गेले. चूक माझीच होती, ते मी नाकारत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर हातात फोन धरून गाडी चालवणाऱ्याला पहिल्याच खेपेला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते. परंतु कायदा निदान चालकालाच धरतो, दाजींनी मात्र अख्ख्या गाडीला शिक्षा फर्मावली. आधी काचांना धातूची फिल्म लावून सिग्नल अडवण्याचा त्यांचा विचार होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच गाडीच्या काचांवरील फिल्मला मनाई केली आहे, असे स्वतःच सांगून त्यांनी तो सोडला आणि उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या कारागिराकडून डॅशबोर्डखाली फोनचा सिग्नल बंद पाडणारी, तीन शेंड्यांची एक काळी डबी बसवून घेतली. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय खासगी माणसाने असा जॅमर वापरणे हाही गुन्हाच आहे, हे मला काल रात्री समजले. फिल्मचा निकाल तोंडपाठ असलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हते, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

तर, गाडी भेळेच्या गाड्याशेजारी लावली आणि पाच मिनिटांत तिथले व्यवहार थंडावले. गिऱ्हाइके क्यूआर कोडपुढे फोन धरून उभी होती, पडद्यावर नुसते चक्र फिरत होते आणि रक्कम जमा झाल्याची दवंडी पिटणारा तो छोटा स्पीकर मौनात गेला होता. भेळवाला त्याला थोपटत होता.

त्याच वेळी कट्ट्यावर एक वस्ताद पुण्याच्या नातीशी व्हिडिओवर बोलत बसले होते. वय सत्तरीपुढचे, कान कुस्तीत चुरगळलेले, खांद्यावर टॉवेल. नातीचा चेहरा मध्येच गोठला, तसे ते उठले आणि फोन डोळ्यांसमोर धरून चालू लागले. थोड्या अंतरावर नात पुन्हा हलली. ते माघारी आले, ती पुन्हा गोठली. दुसरा कोणी असता तर कंपनीला शिव्या देऊन गप्प बसला असता. वस्तादांनी पायातली चप्पल काढली.

"हितं लागतंय," असे म्हणून त्यांनी टाचेने मातीत रेघ ओढली. एक पाऊल आत टाकले. "हितं गेलं."

मग ते बाजूने सरकत, दर दोन पावलांना आत-बाहेर करत, रेघेला रेघ जोडत निघाले. भेळ थांबलेली माणसे त्यांच्यामागे फोन उंच धरून पालखीसारखी चालू लागली. वर्तुळ पूर्ण झाले. त्रिज्या बारा पावले, मध्यभागी माझी गाडी.

"पाहुणं, गाडी तुमची?"

"हो."

"गाव कंचं?"

"इथलंच. राजारामपुरी."

त्यांची निराशा झालेली दिसली. बाहेरगावचा माणूस निघाला असता तर प्रकरण सोपे झाले असते. गाडीत काय आहे, हे मी खालच्या आवाजात सांगितले. त्यांनी ते वरच्या आवाजात सर्वांना सांगितले.

"म्हंजे तुम्ही फोन घेऊ नये म्हणून आमचा बंद? तुम्हाला डाक्टरनं तांबडा-पांढरा बंद केला, तर आख्ख्या पेठेच्या चुली विझवायच्या व्हय?"

याला उत्तर नव्हते, कारण माझेही नेमके तेच दुखणे आहे. ही डबी टॉवरच्याच लहरींवर नुसता गोंगाट करत राहते. गाडीचा पत्रा त्यातला थोडा अडवतो, पण काचा त्याला मोकळी वाट देतात. आत कोण चालवतो आणि कोण मागे बसून औषधाच्या दुकानाला फोन लावतो, हे तिला कळत नाही. बिचारा फोन टॉवर शोधत पूर्ण ताकदीने ओरडत राहतो, तापतो आणि दुपारपर्यंत त्याची बॅटरी संपते. नकाशा आहे तिथेच थिजतो. वास्तविक चालकाचे लक्ष विचलित होणार नसेल तर रस्ता पाहण्यापुरता फोन वापरायला २०२० पासून नियमातच मुभा आहे. गेल्या आठवड्यात कागलच्या अलीकडे रात्री टायर फुटला, तेव्हा मदत मागण्यासाठी बायकोला भर पावसात, अंधारात, हमरस्त्याच्या कडेने चालत जावे लागले. त्या रात्री टायरवरच भागले. पण गाडी उलटली असती, दार अडकले असते आणि ११२ लावायचा असता, तर बारा पावले कोण चालले असते? हे मी दाजींना विचारलेले नाही. बहिणीच्या नवऱ्याला उलट बोलायचे नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. तिची मला अलीकडे चीड येते.

"गाडी काढा," वस्ताद म्हणाले.

गाडी सुरू होईना. कारागिराने डबी थेट बॅटरीला जोडली होती आणि तिने रात्रंदिवस बॅटरी चाटून ठेवली होती. स्टार्टर फिरवण्याइतका जोर उरला नव्हता, डबीपुरता मात्र होता. अखेर मी स्टिअरिंगवर बसलो आणि सहा जणांनी मागून ढकलले. गाडीबरोबर रिंगणही निघाले. पुढे कणीसवाला होता, त्याचा स्पीकर गप्प झाला. "हितं नगं!" तो ओरडला. त्यापुढच्या आइस्क्रीमवाल्याने तर आम्ही पोचण्याआधीच हात आडवे केले. शेवटी ढकलणाऱ्यांतला गॅरेजचा एक पोरगा पक्कड घेऊन डॅशबोर्डखाली शिरला आणि त्याने तार तोडली. मागे भेळेच्या गाड्यावरचा स्पीकर एकदम बोलू लागला, पण तोवर त्या मंडळींच्या भेळीसाठी माझी पाचशेची नोट मोडून झाली होती.

माझाही फोन वाजला. दाजींचा होता. मी उचलणार, तोच खिडकीतून वस्तादांचा हात आत आला आणि त्यांनी फोन काढून घेतला.

"स्टेरिंगवर बसलाय नव्हं? मग फोन नाय घ्यायचा."

आणि दाजींशी ते स्वतः बोलू लागले.