नोकरी गेल्यावर आध्यात्मिक कसे दिसावे

हिंजवडीतल्या काचेच्या इमारतीतून तुम्हाला अचानक व्हिडिओ बैठकीचे बोलावणे आले, मनुष्यबळ विभागाच्या हसतमुख बाईंनी दहा मिनिटांत तुमच्या इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल आभार मानले आणि दुपारच्या जेवणाआधीच लॅपटॉपने तुमचा पासवर्ड ओळखण्याचे नाकारले, तर मुळीच खचून जाऊ नये. विश्वाने तुमच्यासाठी काही मोठे योजून ठेवले आहे असे समजावे आणि ते लगोलग लिंक्डइनवर जाहीर करावे. बायकोला सांगायचे राहिले तरी चालेल. ती ते तिथे वाचेलच. ज्या कंपनीने काढले तिच्याविषयी कृतज्ञता अवश्य व्यक्त करावी. कृत्रिम बुद्धिमत्ता, परदेशी ग्राहकांनी घेतलेला आखडता हात, पंचेचाळिशीतल्या एका माणसाच्या पगारात तीन नवशिके मिळतात हा साधा हिशोब, असल्या ऐहिक कारणांचा उल्लेख टाळावा. कारण एकच सांगावे: माझीच ऊर्जा कमी पडली. कंपनीलाही हेच पटते.

यानंतर पहाटेचा व्हिडिओ. ब्रह्ममुहूर्त ध्यानाला उत्तम मानला आहे, पण त्या वेळी उजेड फार कमी असतो. म्हणून रिंग लाइटची सोय आदल्या रात्रीच करून ठेवावी. देवघरासमोर पाठ ताठ ठेवून बसावे, समई लावावी, आणि चौकटीत येणारी तेलाची प्लास्टिकची बाटली, उदबत्तीचे रिकामे पुडे व आई यांना बाजूला सरकवावे. आईचा अडथळा विशेष असतो. ती वर्षानुवर्षे पहाटे उठून विष्णुसहस्रनाम म्हणत आली असली, तरी तिला कॅमेऱ्याची जाण नसते, म्हणता म्हणता ती मध्येच दुधाखालचा गॅस बारीक करून येते आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघून, "आजही झोपला नाहीस का रे?" असे मोठ्याने विचारते. तेवढा भाग कापून टाकावा आणि तिथे बासरी घालावी.

परंपरेचे दाखले देताना मात्र जपून असावे, कारण आपली परंपरा या कामी फारशी उपयोगाची नाही. 1630च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, तेव्हा द्रव्य आटले, मान गेला आणि एक बायको अन्न अन्न करीत मेली, असे त्यांनी स्वतःच्याच अभंगात उघड सांगून टाकले. अशा मजकुराला आज कोण प्रायोजक मिळणार? पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे सांगतात, म्हणजे लोकांकडून येणे असलेला पैसाही सोडून दिला. अध्यात्मापायी पैसा येण्याऐवजी जातो, हे तुमच्या अनुयायांच्या कानावर न गेलेलेच बरे.

गिरणगावाचे तर नावही काढू नये. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो रीतसर मिटलाच नाही. त्या माणसांचीही भजनी मंडळे होती. पण ज्याच्या शेजारी बसून टाळ वाजवायचा त्याच्या घरातले पीठ संपले आहे, ही बातमी एका खोलीच्या संसारात झाकून राहत नसे, आणि खाणावळी चालवणाऱ्या बायका संपाच्या दिवसांतही उधारीवर लोकांना जेवू घालत. त्यात गोडवा होता असे कोणी समजू नये. भांडणे होत, उधारी बुडे, कोणाची तरी पाटली गहाण पडे. माणसांत इतके गुंतून राहणे तुमच्याआमच्या संकुलात बसत नाही. तिथे पाहुणा आधी ॲपवर मंजूर व्हावा लागतो.

यथावकाश तुम्ही स्वतःच समृद्धीची कार्यशाळा काढावी. पहिले सत्र 99 रुपयांत ठेवावे आणि खरी फी त्या सत्राच्या शेवटच्या पाच मिनिटांत सांगावी. श्रोतेही तुमच्यासारखेच नोकरी गेलेले असतील, याचा संकोच बाळगू नये. पाठीशी कर्ज असलेला माणूस चमत्कारावर चटकन विश्वास ठेवतो. पैसे भरूनही समृद्धी आली नाही अशी कोणी तक्रार केली, तर त्याच्या मनात शंका होती हे त्याच्या नजरेस आणून द्यावे.

दुसऱ्याची नोकरी गेल्याचे कळले, तर हात जोडलेले चिन्ह पाठवावे. त्यात प्रार्थना, सांत्वन आणि रजा घेणे हे सगळे एकदमच उरकते. सोबत एखादा सुविचार असावा. व्हॉट्सॲपने 2018 साली भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातल्यापासून करुणेचे वाटप जरा कष्टाचे झाले आहे, तरी पाचापाचांच्या खेपा केल्यास चहा निवण्याआधी सगळे आप्तेष्ट संपतात. प्रत्यक्ष फोन मात्र करू नये. ते काम झटपट कर्ज देणाऱ्या काही ॲपवाल्यांनी फार मन लावून केले: हप्ता चुकला की त्यांची माणसे कर्जदाराच्या फोनमधले मामा, आत्या, शाळेतल्या बाई, जुने घरमालक अशा एकेकाला गाठून त्याची हालहवाल कळवीत. रिझर्व्ह बँकेने 2022 साली या ॲपना संपर्क यादीत शिरायला मनाई केली, आणि मामाने घाबरून भाच्याला फोन करण्याचे तेवढेही निमित्त गेले.

एका धोक्याची मात्र आगाऊ कल्पना असावी. तुमच्या पहाटेच्या व्हिडिओखाली बदाम टाकणाऱ्यांची रीघ लागेल, पण जुन्या ऑफिसातला एखादा असा निघतो, की तिथे एक अक्षरही न लिहिता तो रविवारी संध्याकाळी खारीचा पुडा घेऊन थेट दाराशी येतो आणि चपला काढता काढताच विचारतो, "हप्त्याला किती कमी पडतायत?" त्याला आपला डिजिटल उपवास चालू असल्याचे सांगून पाहावे. त्याने भागले नाही, तर निदान आई बाहेर येणार नाही एवढे तरी बघावे. कारण ती त्याला आत बसवून चहा टाकील, आणि मग दोघे मिळून तुमचे पासबुक मागतील.