कोळेरोगावर कार्बेन्डाझिम? आधी रोगकारक कोण ते बघा

पावसाच्या तोंडावर सुपारी बागायतदारांच्या गटांत एक सल्ला हमखास फिरतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: कोळेरोग, म्हणजे पावसात सुपारीची फळं कुजून गळण्याचा रोग, ही साधी बुरशी, गळलेल्या सुपारीवर पांढरा कापूस दिसला की निदान झालं, कार्बेन्डाझिम किंवा हेक्साकोनॅझोल, दुकानात मिळेल ते मारा, बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची) कटकट आता कोण करतो. श्रीवर्धनपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि गोव्याच्या कुळागरांतही (तिथल्या सुपारीच्या बागांत) लोक यावर पैसे घालवतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

«कोळेरोग ही साधी बुरशी आहे.»

नाही. रोगकारक आहे फायटोफ्थोरा, आपल्याकडच्या पोफळींवर मुख्यतः फायटोफ्थोरा मीडी. म्हैसूर संस्थानात शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी 1910 मध्ये या रोगावर सविस्तर काम प्रसिद्ध केलं, तेव्हापासून फायटोफ्थोरा हे नाव चालत आलं आहे. जाती कोणती यावर मात्र पुढे बरेच फेरफार झाले. सूक्ष्मदर्शकाखाली हा जीव बुरशीसारखा धागेदार दिसतो, पण त्याचं कूळ वेगळं. पेशीभित्तिकेत कायटिनऐवजी प्रामुख्याने सेल्युलोज आणि ग्लुकॅन असतात, आणि त्याचे चलबीजाणू दोन शेपट्यांनी पाण्यात पोहतात. सततचा पाऊस, 20 ते 23 अंश तापमान आणि 90 टक्क्यांवर आर्द्रता असली की घडावरच्या पाण्याच्या पातळ थरातून तो एका फळावरून दुसऱ्यावर जातो. वाऱ्याबरोबर उडणारे तुषार त्याला शेजारच्या झाडावर नेतात.

«कार्बेन्डाझिम किंवा हेक्साकोनॅझोल मारा.»

खरा खर्च इथेच वाया जातो. कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशीच्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटून तिचं पेशीविभाजन थांबवतं; फायटोफ्थोराच्या ट्युब्युलिनवर ते पकड घेत नाही. हेक्साकोनॅझोल आणि त्याच गटातलं प्रोपिकोनॅझोल बुरशीला तिच्या पेशीपटलासाठी लागणारं एर्गोस्टेरॉल बनवू देत नाहीत. फायटोफ्थोरा स्वतः एर्गोस्टेरॉल बनवतच नाही, त्यामुळे अडवायचं काय हाच प्रश्न.

पटत नसेल तर प्रयोगशाळेत फायटोफ्थोरा वेगळा कसा काढतात ते पाहा. त्यासाठीच्या निवडक माध्यमात, म्हणजे हवा तोच जीव वाढू देणाऱ्या खाद्यात, बेनोमिल हे बुरशीनाशक मिसळायची पद्धत आहे, लिटरला साधारण 10 मिलिग्रॅम. बेनोमिल पाण्यात विघटित होऊन कार्बेन्डाझिमच तयार होतं. ते घालण्याचं कारण असं की बाकीच्या बुरशा दबाव्यात आणि फायटोफ्थोरा निवांत वाढावा! म्हणजे बागेत ज्याने रोग मारायला निघालो, त्याच औषधाने प्रयोगशाळा तो रोगकारक वाढवते.

«पण आमच्याकडे फरक पडला.»

पडला असेल, फक्त श्रेय कुणाचं ते तपासा. दुकानात सर्रास मिळणाऱ्या मिश्रणात कार्बेन्डाझिम 12 टक्के आणि मॅन्कोझेब 63 टक्के असतं. मॅन्कोझेब फायटोफ्थोरावर थोडंफार चालतं, तेही फळाला लागण होण्याआधी पोचलं तर. दुसरं, ऑगस्टमध्ये पावसाने उघडीप दिली की गळ आपोआप मंदावते. न फवारलेली चार झाडं शेजारी ठेवल्याशिवाय हा हिशेब लागत नाही.

«गळलेल्या सुपारीवर पांढरा कापूस, झालं निदान.»

हे अर्धं खरं. कोळेरोगाच्या गळलेल्या फळांवर फायटोफ्थोराचा पांढरा कापूस चढतो हे बरोबर, पण दोन दिवस ओल्या जमिनीवर पडलेल्या कुठल्याही सुपारीवर फ्युजेरियमसारखी कुजवणारी बुरशीही चढते आणि ती फायटोफ्थोरापेक्षा झपाट्याने वाढते. म्हणून जमिनीवरून उचललेलं फळ बटाटा-डेक्स्ट्रोज अगार या साध्या, कुठलीही बुरशी वाढू देणाऱ्या माध्यमावर ठेवून «फ्युजेरियम आढळलं» असा अहवाल आला, तर त्यावर विसंबून राहू नका. आलेली बुरशी मागाहून आलेली असण्याची शक्यता मोठी.

डोळ्यांनी ओळखायचं तर वर घडाकडे बघा. सुरुवात देठाकडच्या टोपीजवळ, पाणी मुरल्यासारख्या गडद हिरव्या डागाने होते. डाग पसरतो, फळाची चकाकी जाते. फळ गळतं तेव्हा टोपी घडावरच राहते आणि खाली फक्त सुपारी पडते. उन्हाळ्यात तुरा करपून बारीक फळं गळणं हा बहुधा कोलेटोट्रिकम या खऱ्या बुरशीचा उद्योग. पावसाळा संपताना लागण झाली तर फळं गळत नाहीत, घडावरच वाळतात, आणि तेव्हा फोटोवरून ओळखणं जवळजवळ अशक्य.

«प्रयोगशाळेची गरज नाही.»

बाग दरवर्षी एकाच पद्धतीने गळत असेल तर खरंच नाही. पण बोर्डो वेळेवर मारूनही गळ थांबत नसेल, किंवा शेंड्याची कूज सुरू झाली असेल, तर नमुना द्या. दापोलीचं कृषी विद्यापीठ, जुन्या गोव्यातली केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था किंवा जवळचं कृषी विज्ञान केंद्र, कुठेही विचारा. नमुना मात्र नीट हवा. फवारणीआधी पाडेलीकडून (झाडावर चढून सुपारी काढणाऱ्याकडून) घडावरचीच पाच-सहा फळं काढून घ्या, ज्यांवर डाग अर्धाच पसरला आहे. कागदात गुंडाळा, बंद प्लास्टिकमध्ये घाम धरून जिवाणू माजतात. फ्रिजमध्ये ठेवू नका, एक-दोन दिवसांत पोचवा, आणि आधी काय फवारलं ते चिठ्ठीवर लिहा.

तिथे डागाच्या कडेचे, निम्मे निरोगी निम्मे रोगट असे बारीक तुकडे घेतात. कुजलेल्या मध्यभागातून रोगकारक सहसा हाती लागत नाही. सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात मिनिटभर, मग निर्जंतुक पाण्यात तीनदा धुऊन, टिपून कोरडे करून ते निवडक माध्यमावर अंधारात 25 अंशांच्या आसपास ठेवतात. दोन-तीन दिवसांत आडपडदे नसलेले धागे दिसतात. वाढ पाण्यात ठेवली की लिंबाच्या आकाराच्या, टोकाला फुगीर बोंड असलेल्या बीजाणूधान्या येतात. थोडा वेळ गार करून पुन्हा खोलीच्या तापमानाला आणल्यावर त्यांतून चलबीजाणू सुटतात. गळून पडणाऱ्या बीजाणूधानीला जोडलेला देठ फायटोफ्थोरा मीडीत साधारण 10 ते 20 मायक्रॉन, तर फायटोफ्थोरा पामिव्होरा या जवळच्या जातीत बहुधा 5 मायक्रॉनपेक्षा आखूड. डीएनएच्या एकाच पट्ट्यावरून मात्र जवळच्या जाती नीट सुटत नाहीत, दोन-तीन जनुकं पाहावी लागतात. शेवटी वेगळा केलेला जीव निरोगी फळावर लावून तोच रोग उठतो का आणि त्यातून तोच जीव परत मिळतो का, हे पाहिल्यावर नाव पक्कं.

«बोर्डो जुना झाला.»

तांबं चलबीजाणूंना फळात शिरण्याआधी मारतं, म्हणून ते आधी लागायला हवं. लागण झालेलं फळ बोर्डोने बरं होत नाही. 1 टक्का बोर्डोसाठी मोरचूद 1 किलो 50 लिटर पाण्यात, कळीचा चुना 1 किलो विरवून आणखी 50 लिटरमध्ये, भांडी प्लास्टिकची किंवा मातीची. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या दुधात ढवळत ओता, उलट नको. लोखंडी विळा मिनिटभर बुडवून पाहा: तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी चुन्याचं दूध घाला. जुना, हवेत पडून विरलेला चुना वापरला की इथेच फसगत होते. मिश्रण त्याच दिवशी संपवा. पहिली फवारणी मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला, दुसरी 40 ते 45 दिवसांनी उघडीप साधून, पाऊस लांबला तर तिसरी. घड नीट भिजले पाहिजेत, खोड नव्हे.

मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं मिश्रण फायटोफ्थोरावर खरोखर चालतं, पण तेच ते वारंवार मारलं तर मेटॅलॅक्झिलला दाद न देणारे वाण तयार होतात. गळलेली फळं रोज गोळा करून बागेबाहेर न्या. झाडं थोडी आणि हात भरपूर असतील तर पावसाआधी घडांवर पॉलिथिन पिशव्या बांधा. पाणी फळाला लागलं नाही, तर चलबीजाणूला पोहायला वाटच उरत नाही.