परत तोच पेनड्राइव्ह!

"दादा, आयएसओ पेनड्राइव्हवर टाकली, तरी बूट होईना की!" अरे बाबा, आयएसओ म्हणजे विंडोज टाकायची अख्खी फाइल; ती नुसती कॉपी करून मशीन पेनड्राइव्हवरनं सुरू, म्हणजे बूट, होत नसतंय. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरनं लिहावी लागती, किती वेळा सांगू? सात रस्ता चौकातनं हा पोरगा भर उन्हात ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन येणार, त्यात बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो. लिहिताना सगळं पुसलं जाणार म्हटलं की तोंड एवढंसं. फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केला तर ४ जीबीवरची विंडोजची फाइल मावत नाही. नव्या मशीनला चालणारी जीपीटी विभागणी करून दिला, तर मशीन निघालं जुनं बायोसवालं (बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा जुना प्रोग्राम), परत जुनी एमबीआर विभागणी! काल कसंबसं ९२ टक्क्यांवर आलं आणि गेली लाइट. वर हा विचारतोय, "अजून किती वेळ, दादा?" शेंगाचटणीची एक पुडीसुद्धा आणत नाही कधी.