‘हात काळे न करता’ या शेऱ्याला उत्तर

नमस्कार,

माझ्या एमजीबीच्या, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या, तेलगळतीवरच्या लेखावर (इंजिन धुऊन, पावडर उडवून गळतीची जागा कशी शोधायची ते त्यात होतं) तुम्ही इतकी मोठी प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. उत्तर द्यायला आठ दिवस घेतले. पहिल्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर शब्द आवरले नसते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी त्यातलं मुख्य वाक्य जसंच्या तसं देतो: “लेखकसाहेब, ज्याने स्वतः इंजिन उतरवलं नाही त्याने गळतीवर लिहू नये, हात काळे न करता पावडरीचे खेळ करत बसलात, बेलहाउसिंगखाली थेंब म्हणजे मागचं ऑईल सील, विषय संपला.” (बेलहाउसिंग म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लच झाकणारं कवच. ऑईल सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी कडी.)

आधी जे चुकलं ते मान्य करतो. एमजीबी १९६३ साली बाजारात आली असं मी लिहिलं होतं. ती १९६२ साली आली, तुमचं बरोबर आहे. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘साहेब’. हा शब्द कुठल्या सुरात म्हटला जातो ते गॅरेजमध्ये वाढलेल्या माणसाला कळतं. माझे वडील परळच्या गिरणीत फिटर होते. १९८२ च्या संपात गिरणी सुटली आणि ते माझगावच्या एका गॅरेजमध्ये मदतनीस म्हणून लागले. वय पंचेचाळीस, आणि हाताखाली काम करायचं ते पंचवीस वर्षांच्या पोरांच्या. शाळा सुटली की मी तिथे जायचो आणि रॉकेलच्या डब्यात नटबोल्ट धुवायचो. घरी आल्यावर आई आम्हा दोघांना मोरीत उभं करून राखेने हात घासायला लावायची, तरी नखांतला काळा जायचा नाही. सातवीच्या वर्गात बाईंनी त्या नखांवरून मला उभं केलं होतं. तेव्हा माझ्या हातांचा रंग तुम्ही काढायला नको होता. लेखावर काय बोलायचं ते बोला.

वडील इंजिनाला हात लावण्याआधी एकच सांगायचे, “आधी धू, मग बघ.” मी लेखात जे लिहिलं ते एवढंच आहे. तेल खाली पडतं ती जागा आणि तेल निघतं ती जागा एक नसते. ते वरून खाली येतं, आणि गाडी पळत असली की वाऱ्याने मागे सरकतं. एमजीबीचं इंजिन मुळात मागच्या अंगाला किंचित कललेलं असतं. त्यामुळे पुढे, वर, बाजूला कुठेही गळलं तरी शेवटचा थेंब बेलहाउसिंगखालीच लोंबताना दिसतो. त्या थेंबाकडे बघून ‘विषय संपला’ म्हणणाऱ्या माणसाने माझे अडतीस हजार रुपये घालवले आहेत, म्हणून हे वाक्य मला इतकं लागलं.

ती हकीकत लेखात नव्हती. आता सांगतो.

माझी गाडी १९६७ ची. १७९८ सीसी, पाच बेअरिंगचं इंजिन, म्हणजे आतला मुख्य फिरता दांडा, क्रँक, पाच ठिकाणी आधारलेला. १९६४ पर्यंतच्या तीन बेअरिंगच्या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नव्हतं, तेल परत फिरवायला नुसते आटे होते. तेव्हा ‘मागचं सील बदला’ हा सल्ला सरसकट प्रत्येक एमजीबीला लागूही पडत नाही. माझ्या गाडीत सील आहे. २००९ साली पार्किंगमध्ये रोज तळहाताएवढा डाग पडायला लागला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी दुसरी चिठ्ठी वायपरला अडकवली, तेव्हा मी गाडी एका नावाजलेल्या गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी खाली वाकून बघितलं, थेंबाला बोट लावलं आणि तुम्ही म्हणालात तेच म्हणाले. या गाडीचा गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही, इंजिन वर घ्यावंच लागतं. चेनपुलीची साखळी ओढायला मी स्वतः होतो. तीन आठवडे गेले. नवं सील, नवी क्लच प्लेट, वर मजुरी.

गाडी आली. एका रविवारी पहाटे लोणावळ्याला जाऊन दुपारी परत आलो. संध्याकाळी डाग त्याच जागी, तेवढाच.

मग वडिलांच्या पद्धतीने बसलो. इंजिन पूर्ण थंड असताना रॉकेल आणि ब्रशने वरपासून चेंबरपर्यंत, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्यापर्यंत, धुतलं, रात्रभर वाळू दिलं. सकाळी ब्लॉकच्या बाजूंना आणि मागच्या प्लेटवर अंगाला लावायची साधी पावडर हलक्या हाताने उडवली. वरळी सी फेसपर्यंत जाऊन आलो, कारण तेल तापून पातळ झाल्याशिवाय गळती तोंड दाखवत नाही. बॉनेट उघडून टॉर्च मारला तर कार्बोरेटरच्या बाजूला, मॅनिफोल्डच्या (इंजिनाला जोडलेल्या हवेच्या आणि धुराच्या नळ्यांच्या) आडून एक काळी ओली रेघ निघून तिरकी मागे बेलहाउसिंगकडे गेलेली. तिच्याभोवतीची पावडर कोरडी, पांढरीशुभ्र.

रेघ सुरू होत होती मागच्या टॅपेट झाकणापाशी. आपल्याकडचे मेकॅनिक वरच्या रॉकर कव्हरला टॅपेट कव्हर म्हणतात, ते नव्हे. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याची दोन झाकणं असतात, प्रत्येकी एकाच बोल्टवर बसलेली, शेजारी मॅनिफोल्डची धग. कॉर्कचं पॅकिंग भाजून कडक झालं होतं. गळतंय म्हणून कुणीतरी तो बोल्ट आवळत गेलं होतं आणि आवळून आवळून पत्रा मधे दबला होता, कडा उचलल्या होत्या. दोन्ही एसयू कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड काढलं, झाकण लाकडी ठोकळ्यावर हातोडीने सरळ केलं, काचेवर ठेवून तपासलं. नागदेवी स्ट्रीटवरून कॉर्कची शीट आणून पॅकिंग घरी कापलं. शीट साठ रुपयांची. डाग तळहातावरून रुपयाच्या नाण्याएवढा झाला. ते नाणंही पुढे मिटलं: तेलाच्या कॅनिस्टर फिल्टरच्या खाचेत जुनी रबर रिंग तशीच राहून तिच्यावर नवी बसवलेली होती.

हा ‘पावडरीचा खेळ’. तो खेळून झाल्यावर सीलच दोषी निघालं तर इंजिन जरूर उतरवा, मी कधीच नको म्हटलेलं नाही. पण त्याआधी निदान तो थेंब कशाचा आहे ते तरी बघा. बेलहाउसिंगच्या कुशीतच क्लच दाबणारा स्लेव्ह सिलिंडर आहे, त्यात ब्रेकऑईल असतं आणि तोही गळतो. वाटीभर पाण्यात थेंब सोडला तर ब्रेकऑईल पाण्यात विरघळतं, इंजिनऑईल तरंगतं. गिअरबॉक्सचं ओळखणं अवघड, कारण या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये इंजिनचंच २०डब्ल्यू-५० तेल घालतात. वासाने काही कळत नाही, रंगानेच ओळखायचं: इंजिनचं काळवंडलेलं, गिअरबॉक्सचं त्यामानाने स्वच्छ. तुमच्या बाराशे शब्दांच्या प्रतिक्रियेत यातलं एक अक्षर नाही. माझ्या हातांबद्दल मात्र आहे.

तुमचे बाकीचे मुद्दे. पॅकिंगला जास्त सिलिकॉन लावलं तर आतल्या बाजूला दबलेला भाग तुटून चेंबरमधल्या जाळीत अडकतो आणि तेलाचा दाब पडतो, असं तुम्ही लिहिलंय. मी फोटोत दिसतं तितकंच लावलं होतं, त्यावर वाद घालत नाही. ब्रीदर, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी, तुंबला की आतला दाब वाढून तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं आणि लेखात ब्रीदरचा उल्लेखही नाही, ही तुमची तक्रार. ब्रीदर मी दर दिवाळीआधी साफ करतो. लेख त्याच्यावर नव्हता. सिंथेटिक तेलाबद्दल तुमचं मत तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी.

तुम्ही चाळीस वर्षं गॅरेज चालवलंत असं लिहिता. त्या अनुभवाचा मला आदर आहे, आणि वडील असते तर त्यांनी तुम्हाला चहा पाजून तासभर ऐकून घेतलं असतं. मीही ऐकेन. तुम्ही उतरवलेल्या इंजिनांपैकी किती गाड्यांचे डाग सील बदलल्यावर खरोखर थांबले, ते लिहा. ‘साहेब’ न म्हणता लिहा.